शाकाहारी ताटातील शाक

आषाढ शुक्ल चतुर्दशी जवळ आली, की नागपूरच्या जैन घरांत चातुर्मासाच्या नियमांची चर्चा सुरू होते. कोणी रात्रिभोजनत्याग अधिक काटेकोर करतो, कोणी एकाशनाचा संकल्प सोडतो, आणि अनेक घरांतील श्राविका चार महिने पालेभाजी वर्ज्य करतात. पावसाळ्यात पानांवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती फार होते. त्यांची हिंसा टळावी, हा त्यामागील हेतू. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा नियम घराला कधी ओझे वाटत नाही.

परंतु ज्या घरातील गृहिणी नुकतीच स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून उठली आहे, त्या घरात हा आषाढ निराळा असतो. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीचे फेरे संपले, डोक्यावर पुन्हा केस आले. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाने दिलेला कागद स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो आणि त्यावर ठळक सूचना असते : भाज्या भरपूर खाव्यात. एका बाजूस तो कागद, दुसऱ्या बाजूस लग्न होऊन आल्यापासून अखंड पाळलेला नियम. नियम मोडला तर मनाला रुखरुख. पाळला आणि रोग उलटला तर दोष आपलाच, ही टोचणी. हा प्रश्न ती डॉक्टरांना विचारत नाही आणि महाराजांनाही विचारत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो ती स्वतःलाच विचारत राहते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आधी दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. त्या घरात आज प्रत्यक्ष भाजी किती खाल्ली जाते, ही पहिली. आणि भाजीकडून किती अपेक्षा धरणे वाजवी आहे, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीविषयी जैन समाजात एक सुखद समजूत आहे. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, मद्य नाही; तेव्हा आहाराच्या बाबतीत काळजी करण्याचे कारण नाही, असे मानले जाते. वर्ज्य काय याची यादी जैन घराला तोंडपाठ असते. ताटात काय आहे याची मोजदाद मात्र क्वचितच होते. सकाळी चहाबरोबर खाकरा किंवा खारी, दुपारी तूप लावलेल्या पोळ्या, वरण, भात, लोणचे आणि वाटीच्या तळाशी दोन चमचे भाजी. चार वाजता पेढीवर शेव-चिवडा किंवा कचोरी. सूर्यास्तापूर्वी घाईघाईने खिचडी-कढी किंवा पुरी, आणि त्यावर एखादी मिठाई. यात अभक्ष्य काहीच नाही. परंतु ज्या शाकावरून शाकाहार हा शब्द आला, ते शाक या ताटात नावापुरतेच आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्रौढ व्यक्तीने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत, असे त्यात सांगितले आहे. व्यापारी घराला हा आकडा समजण्यास सोपा आहे. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो, म्हणजे आठवड्याला चौदा किलो भाजी लागते. कॉटन मार्केटमधून किंवा दारावरच्या गाडीवरून घरात आलेली भाजी एक आठवडा वजन करून वहीत मांडून पाहावी. मालाचा साठा तपासल्याखेरीज जो व्यापारी नवी खरेदी करीत नाही, त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराचा साठाही एकदा तपासावा. अनेक घरांत चौदाच्या जागी पाच-सहाच किलो भरल्यास आश्चर्य वाटू नये.

आता दुसरी गोष्ट. भाज्या अधिक खाल्ल्या, तर गेलेला कर्करोग परत येण्याचे थांबते काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी फार गांभीर्याने विचारला आहे, आणि त्याचे उत्तर जसे आहे तसेच सांगितले पाहिजे.

अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे प्राथमिक अवस्थेतील उपचार पूर्ण झालेल्या ३०८८ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला रोज भाज्यांचे पाच वाटे, त्याशिवाय भाज्यांचा रस, फळांचे तीन वाटे, भरपूर तंतुमय पदार्थ आणि कमी स्निग्ध असा आहार शिकवला गेला. दुसऱ्या गटाला आरोग्यदायी आहाराची नेहमीची छापील माहिती दिली गेली. सुमारे सात वर्षांनंतरचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात १६.७ टक्के स्त्रियांना स्तनाचा कर्करोग पुन्हा झाला, दुसऱ्या गटात १६.९ टक्के. म्हणजे फरक जवळपास नव्हताच. पुरस्थ ग्रंथीच्या प्राथमिक कर्करोगाचे ४७८ पुरुष घेऊन झालेल्या दुसऱ्या प्रयोगातही, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दोन वर्षे भाज्या वाढवूनही रोगाची वाढ लक्षणीयरीत्या थांबली नाही.

हे वाचून भाजीची टोपली बाजूला ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या प्रयोगातील स्त्रिया सुरुवातीलाच फळे व भाज्या मिळून दिवसाला सुमारे सात वाटे खात होत्या. चांगल्या आहाराहून आणखी पुष्कळ वाढवल्याने अधिक लाभ होतो काय, हे तेथे तपासले गेले. दोन चमचे भाजीच्या ताटाची ती परीक्षा नव्हती. शिवाय त्या स्त्रियांचे वजन त्या काळात कमी झाले नव्हते. याउलट रजोनिवृत्तीनंतरच्या वयातील २४३७ स्त्रियांच्या आणखी एका प्रयोगात आहारातील स्निग्ध पदार्थ बरेच कमी केले गेले. तेथे वजनही थोडे उतरले, आणि सुमारे पाच वर्षांनंतर रोग उलटण्याचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ९.८ टक्के आढळले. हा लाभ कमी तेला-तुपाचा की उतरलेल्या वजनाचा, हे वेगळे करून सांगता येत नाही. मात्र रजोनिवृत्तीनंतर शरीरातील चरबीतच इस्ट्रोजेन तयार होत राहते, आणि स्तनाचे अनेक कर्करोग याच संप्रेरकावर पोसतात. त्यामुळे वजनाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

२०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. केमोथेरपी संपल्यावर ज्यांनी तीन वर्षे देखरेखीखाली नियमित व्यायाम केला, त्यांच्यापैकी ८०.३ टक्के पाच वर्षांनी रोगमुक्त होते. केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटात हे प्रमाण ७३.९ टक्के होते. फुटाळा तलावाकाठी रोज सकाळी वेगाने चालणे हाही उपचारानंतरच्या पथ्याचा एक भाग ठरतो, असा याचा अर्थ.

या सर्वांतून निघणारे उत्तर संयमी आहे. रोग परत येणार नाही, असे वचन भाजी देत नाही. परंतु ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांनी भरला, की तळलेल्या आणि गोड पदार्थांची जागा आपोआप आक्रसते, वजन आटोक्यात राहण्यास मदत होते, कोठा साफ राहतो, आणि मधुमेह व हृदयविकार यांचा धोका घटतो. कर्करोगातून बऱ्या झालेल्या माणसालाही हे दोन विकार चुकलेले नाहीत. तंतुमय आहाराने आतड्याच्या कर्करोगाचा, तर भाज्या व फळांनी तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कर्करोगांचा धोका कमी होण्याची बरीच शक्यता आहे, असे जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे. पहिल्या रोगातून वाचलेल्या माणसाला दुसऱ्या नव्या कर्करोगापासूनही जपायचे असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या नोंदीचे मोल कळते.

तोंडाच्या कर्करोगाचा उल्लेख नागपुरात टाळता येणार नाही. विदर्भातील पुरुषांत हा रोग फार आढळतो, आणि त्याचे कारण कोपऱ्याकोपऱ्यावर पन्नीत घोटला जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा खर्रा हे या शहराचे दुर्दैवी वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्रा टिकून राहिला. मानेवाडा मार्गावरील रुग्णालयाला ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, त्यांचे १९६८ मधील देहावसानही कर्करोगानेच झाले होते. त्या रुग्णालयात आणि जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये विदर्भाबाहेरूनही रुग्ण येतात.

जैन घरांत तंबाखू नसली, तरी जेवणानंतरच्या तबकात सुपारी असते. तंबाखूविना नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच दिला आहे. तोंडाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या वडिलांपुढे एका हाताने पालकाची वाटी आणि दुसऱ्या हाताने सुपारीची डबी ठेवणे, म्हणजे जमा आणि खर्च एकाच पानावर खोडण्यासारखे आहे. घरातून सुपारी गेली पाहिजे. रुग्णाच्या समोरून नव्हे, तर सर्वांच्याच तबकातून. नागपूर ही सुपारीची मोठी बाजारपेठ आहे. श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषाच्या व्यापाराचाही समावेश आहे. ज्यांच्या पेढीवर हा माल आहे, त्यांनी त्याचा विचार स्वतःच्या विवेकाने करावा.

भाजीऐवजी तिचे सत्त्व गोळीतून घेण्याचा मोह व्यापारी घरांत विशेष दिसतो, कारण महागडी वस्तू अधिक गुणकारी असणार असे वाटते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या प्रयोगात गाजरादी भाज्यांतील बीटा कॅरोटीन गोळीच्या रूपाने दिले गेले. १९९४ मधील निष्कर्ष उलटाच निघाला : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. रसांविषयीही सावधपणा हवा. दुधीचा रस कडू लागला तर तो थुंकून टाकावा. कडू दुधीच्या रसाने भारतात माणसे दगावली आहेत, आणि त्याविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनेही इशारा दिला आहे. दूध सोडा, धान्य सोडा, केवळ कारल्याच्या रसावर राहा, असे सांगणारे नातेवाईक सद्भावनेने बोलतात; पण उपचारांनी अशक्त झालेल्या शरीराला डाळ, दूध, दही यांतील प्रथिनांची गरज असते. शाकाहारी रुग्णाने जीवनसत्त्व बी-१२ चे प्रमाणही तपासून घ्यावे.

आता चातुर्मासाच्या प्रश्नाकडे परत यावे. पालेभाजी चार महिने सोडली, म्हणून भाजी सुटत नाही. दुधी, दोडके, पडवळ, ढेमसे, कारले, भेंडी, गवार, तोंडली, परवल, चवळीच्या शेंगा, शेवग्याच्या शेंगा, सिमला मिरची, काकडी, टोमॅटो, कच्ची पपई, कच्ची केळी आणि कोहळे एवढ्या भाज्या पावसाळ्यातही नागपूरच्या बाजारात मिळतात, आणि यांपैकी एकही जमिनीखाली वाढत नाही. गाजर खात नाही म्हणून काही उणे राहील काय, ही शंकाही नको. गाजरातील कॅरोटीन लाल कोहळ्यात आणि पिकलेल्या पपईतही आहे. कांदा-लसूण वर्ज्य असल्याने रोग बळावतो, असे मानण्यास आधार नाही. कोणतीही एक भाजी अनिवार्य नसते. विविधता आणि प्रमाण या दोन गोष्टी महत्त्वाच्या. चातुर्मास संपला, की मेथी, पालक, चवळाई, आंबट चुका परत ताटात येतात आणि बाजारात संत्र्यांचा आंबिया बहारही आलेला असतो.

ज्या तिथींना सर्वच हिरवी भाजी सोडली जाते, त्यांचाही हिशेब करून पाहावा. अष्टमी आणि चतुर्दशी पाळली, तर महिन्यात चार दिवस होतात. पाच तिथी पाळल्या तर दहा. उरलेले वीस ते सव्वीस दिवस मोकळे असतात. तिथींच्या दिवशी अख्खे मूग, मटकी, हरभरा, तूर आणि ज्वारीची भाकरी यांतून तंतुमय अन्न मिळते. भाजीचे प्रमाण तिथींमुळे बिघडत नाही. इतर दिवशीच्या दोन चमच्यांमुळे ते बिघडते. तिथीच्या दिवशी भाजीच्या जागी पुरी, गाठी आणि मिठाई येत असेल, तर त्यागाचा हेतूही तेथे उरत नाही. ऊनोदरीला बाह्य तपात स्थान आहे. भूक असतानाच हात आवरता घेण्याचा हा नियम वजनाच्या दृष्टीनेही उपकारक आहे.

उपचार चालू असताना मात्र विचार वेगळा करावा लागतो. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटलेल्या असल्यास भाज्या स्वच्छ धुऊन, नीट शिजवूनच द्याव्यात. कच्च्या कोशिंबिरीविषयी डॉक्टरांना विचारावे. तोंडाला किरणोपचार झालेल्या रुग्णाला कोरडे तोंड आणि आखडलेला जबडा यांमुळे घास चावता येत नाही; त्याला दुधी, कोहळे, मुगाची डाळ एकत्र शिजवून, घोटून, बिनतिखट द्यावे. संत्री, टोमॅटो अशा आंबट गोष्टी त्या काळात झोंबतात. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने तंतुमय पदार्थ किती व केव्हा वाढवावेत, हे शल्यविशारदाकडूनच ठरवून घ्यावे. रक्त पातळ ठेवण्याचे वॉरफरिन औषध चालू असल्यास पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नये.

अशा रुग्णाने उपवास आणि नियम यांविषयी मनात कुढत बसू नये. प्रत्याख्यान घेतानाच आगार, म्हणजे आपत्काळातील सवलती, ठेवण्याची परंपरा आहे. आजारपणात समाधी टिकावी यासाठी औषधोपचाराची सवलत तीत धरलेली आहे. डॉक्टरांनी दिलेला कागद साधु-साध्वींपुढे ठेवावा, प्रकृती मोकळेपणाने सांगावी, आणि यंदा कोणता नियम कसा घ्यावा हे त्यांच्या मार्गदर्शनाने ठरवावे. रुग्णाच्या वतीने हे विचारण्याचे धैर्य सासूबाईंनी किंवा पतीने दाखवले, तर तिच्या मनावरील अर्धे ओझे तेथेच उतरते.

उरलेले अर्धे ओझे घरातील माणसांनी उतरवायचे असते. पथ्याचे ताट एकटीचे वेगळे आणि इतरांना कचोरी, अशी मांडणी झाली तर भाजी ही शिक्षा ठरते. दोन किलो भाजी निवडणे, शोधणे, चिरणे हे कष्टही तिच्याच वाट्याला येऊ नयेत; संध्याकाळी पेढी बंद करून आलेल्या मुलांनी उद्याच्या शेंगा निवडायला बसावे. आणि इतके करूनही कधी रोग उलटला, तर ‘तू पथ्य पाळले नाहीस’ हे वाक्य त्या घरात कोणाच्याही तोंडून निघू नये. तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या प्रयोगाने एवढे तरी दाखवून दिले आहे, की उत्तम भाज्या खाणाऱ्यांनाही रोग पुन्हा गाठू शकतो. तो त्यांचा अपराध नसतो.

म्हणूनच नियमित तपासणीला भाजी हा पर्याय नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, विशेषतः संप्रेरकांवरील पाच वर्षांच्या गोळ्या, प्रकृती बरी वाटते म्हणून मध्येच सोडू नयेत. तपासणीचे दिवस लग्नसराईत किंवा दिवाळीच्या गर्दीत पुढे ढकलू नयेत. घरातील दिनदर्शिकेवर अष्टमी-चतुर्दशीच्या खुणा आधीच असतात. चातुर्मासाच्या आरंभीच त्यांच्या शेजारी तपासणीची तारीखही लिहून ठेवावी, आणि त्या दिवशी पेढीवर कोण बसेल व रुग्णालयात सोबत कोण जाईल, हेही आधीच ठरवावे.